सोयाबीनची उगवण ठरते ती ऑक्टोबरातच

सातारा-सांगलीकडे जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही की बोल पावसाला लागतो, नाहीतर विकतच्या बियाण्याच्या पिशवीला. पण घरचं बियाणं असेल, तर दुबार पेरणीचं कारण कितीदा तरी मागच्या ऑक्टोबरात सापडतं.

शेंगेतला दाणा पूर्ण भरतो तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. उगवणशक्ती आणि जोम तेव्हाच सर्वांत जास्त असतो; तिथून पुढे उतारच. पण इतका ओला दाणा मळता येत नाही. ओलावा १४-१५ टक्क्यांवर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि आपल्याकडे परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. शेंग भिजली की दाणा फुगतो, ऊन पडलं की आकसतो. असं दोन-चारदा झालं की टरफल सुरकुततं, बारीक तडे जातात, बुरशीला वाट मिळते. अशा रानातले मूठभर दाणे हातावर घेऊन पाहा. जांभळट डागांचे आणि पांढुरके, चिरमटलेले दाणे बहुधा बुरशीनेच धरलेले असतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे फुले संगम, फुले किमया हे वाण तांबेरा रोगापुढे बऱ्यापैकी टिकतात, पण काढणी लांबली तर त्यांच्याही बियाण्याचं हेच होतं. म्हणून ९५ टक्के शेंगांचा रंग पालटला की बियाण्याचा तुकडा आधी कापावा, बाकीचं रान मागून.

मळणीत होणारं नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. रात्रभर भिजवलेला एक दाणा सोलून बघा. दाण्याच्या डोळ्याशेजारी, म्हणजे तो शेंगेला चिकटलेला असतो त्या खुणेशेजारी, पातळ टरफलाला अगदी लागून, भावी मूळ दुमडून बसलेलं असतं. हरभऱ्यासारखं जाड कवच त्याला नाही. मशीनचा ड्रम जोरात फिरला की फटका थेट तिथे बसतो. दाणा वरून धड, आत मूळ चेचलेलं. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० एवढेच ठेवावेत. मशीनवाल्याला घाई असते, त्याला हे आधीच बजावून ठेवावं.

मग येतात साठवणीचे सात-आठ महिने. सोयाबीनच्या दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ओल आणि उष्णता मिळाली की ते खवट होत जातं आणि पेशींची आवरणं झिजतात. असं बी ओल्या मातीत पडलं की त्यातली साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. बीजशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: दाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरी दुप्पट. १३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं तर आयुष्य साधारण आठपट! वाळवण्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो ते यासाठीच. मात्र फार कडक वाळलेला दाणा हाताळताना फुटतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवावीत, थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नेऊ नये, पोतं आपटू नये. खतांच्या गोण्यांशेजारी तर बियाणं नकोच.

मे अखेरीस १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राखा. सातव्या दिवशी फक्त धडधाकट कोंब मोजा. ७० किंवा जास्त भरले तर नेहमीच्या मापाने पेरा. साठ-पासष्ट भरले तर एकरी बियाणं वाढवा. त्याहून फार खाली गेले तर ते बी बाजार दाखवण्याच्याच कामाचं. पेरणीसाठी दुसरं शोधायला तेव्हा अजून हाताशी वेळ असतो.