एचआयव्हीबाधितांमधील रक्तक्षय आणि लोहाचे प्रमाण

एचआयव्हीबाधितांमध्ये दिसणाऱ्या रक्तविकारांत रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, सर्वाधिक आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दर डेसिलिटर रक्तात हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी भरल्यास रक्तक्षय समजला जातो. थकवा, धाप लागणे, छातीत धडधडणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. मात्र त्याचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही, कारण हिमोग्लोबिन जितके कमी, तितका आजार बळावण्याचा आणि मृत्यूचा धोका अधिक असतो, आणि सीडी-४ पेशींची (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची) संख्या व विषाणूंचे प्रमाण लक्षात घेऊनही हा संबंध टिकून राहतो.

हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची सवय सर्वत्र आहे. एचआयव्हीच्या बाबतीत ती पुष्कळदा दिशाभूल करते. दीर्घकाळ चाललेल्या संसर्गामुळे शरीरात दाह (प्रतिकारशक्तीची सूज आणणारी प्रतिक्रिया) टिकून राहतो, त्यातून यकृतात हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त तयार होते, आणि ते आतड्यातून रक्तात येणारे तसेच पेशींत साठलेले लोह अडवून धरते. परिणामी लोह शरीरात असूनही अस्थिमज्जेला लालपेशी घडवण्यासाठी मिळत नाही. याच दाहामुळे फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा रक्तातील आकडाही फुगतो. म्हणूनच निरोगी प्रौढांत लोहाची कमतरता ठरवण्यासाठी दर लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरतात, तर संसर्ग किंवा दाह असताना जागतिक आरोग्य संघटनेने ती ७० मायक्रोग्रॅम सुचवली आहे. ५० मायक्रोग्रॅम फेरिटिन असलेल्या रुग्णाचा अहवाल वरवर पाहता निर्धोक वाटतो, पण त्याच्या शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. त्यामुळे फेरिटिनसोबत सीआरपी (दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता (लोह वाहून नेणाऱ्या या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे) पाहणे आवश्यक ठरते.

इतर कारणेही तपासावी लागतात. क्षयरोग अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकतो. पार्व्होव्हायरस बी-१९ च्या संसर्गात लालपेशींची निर्मिती जवळजवळ थांबते. १९८७ साली मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरील पहिले औषध अस्थिमज्जेचे कार्य मंदावते. ते घेणाऱ्यांच्या लालपेशी आकाराने मोठ्या दिसतात. को-ट्रायमॉक्साझोल, गॅन्सिक्लोव्हिर आणि डॅप्सोन या इतर संसर्गांवरील औषधांचाही लालपेशींवर विपरीत परिणाम होऊ शकतो.

एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधांचा उपचार) नियमित घेतल्याने विषाणू व दाह आटोक्यात येतात आणि बहुतेकांचे हिमोग्लोबिन काही महिन्यांत वाढते. उपचाराचा मुख्य पाया तोच आहे. झिडोव्हुडिनमुळे रक्तक्षय झाल्यास औषध बदलले जाते. लोहाची कमतरता सिद्ध झाल्यास लोह द्यावेच लागते, परंतु रक्त नेमके कुठून जात आहे याचा शोधही घ्यावा लागतो. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीविरोधी औषध घेणाऱ्यांनी वेळेचे भान ठेवणे महत्त्वाचे असते: लोह या औषधाला आतड्यातच बांधून ठेवते आणि त्याचे शोषण घटवते. म्हणून हे औषध लोहाच्या गोळीच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे. दोन्ही एकाच वेळी घ्यायची असल्यास ती जेवणासोबतच घ्यावीत.