विद्यापीठाचा लोकपाल: बडोद्यात फिरत राहिलेल्या अर्जांची पार्श्वभूमी

सयाजीबागेला जुने बडोदेकर अजूनही कमाठीबाग म्हणतात. या बागेतच संकल्पभूमी आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत इथे बसले होते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेला आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला हा तरुण अधिकारी. शहरात त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले.

ही हकिकत आपल्याला ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र मागे पडतो. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला आणि शेवटचे उत्तर येण्याआधीच तो अकरावा दिवस उजाडला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अर्ज कुणी फाडला नाही, नाकारलाही नाही. तो फक्त फिरत राहिला. विद्यापीठात लोकपाल, म्हणजे तक्रार ऐकणारा प्रशासनाबाहेरचा माणूस, कशासाठी हवा, असे मला कुणी विचारले तर मी इथूनच सांगायला सुरुवात करतो.

बडोद्याला दाद मागण्याची परंपरा नव्हती असे नाही. मल्हाररावांच्या कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी इतकी साचली की १८७३ मध्ये इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत होऊन सयाजीराव गादीवर आले. सयाजीरावांच्या काळात शेवटचे अपील हुजुरांपर्यंत जाई आणि त्यावर सल्ला द्यायला हुजूर न्याय सभा असे. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या राजाबद्दल बडोदेकर मराठी माणसाला वाटणारा आदर खराच आहे, मलाही तो वाटतो. पण राजा कितीही चांगला असला तरी अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचणे मधल्या टेबलांवर अवलंबून होते. १९१७ मध्ये तेच घडले.

मधल्या टेबलांच्या बाहेरचा माणूस नेमायची कल्पना स्वीडनची. बारावा चार्ल्स हा राजा पोल्टाव्हाच्या पराभवानंतर तुर्कस्तानात अडकून पडला होता. आपल्या माघारी अधिकारी कायद्याने वागतात की नाही हे पाहायला त्याने १७१३ मध्ये एक मुखत्यार नेमला. ‘ओम्बुड्समन’ या शब्दाचा मूळ अर्थच मुखत्यार, दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. १८०९ मध्ये स्वीडनच्या राज्यघटनेने राजाच्या मुखत्याराखेरीज संसदेने नेमलेला वेगळा ओम्बुड्समन निर्माण केला, आणि खरा बदल तोच. आपल्याकडे १९६३ मध्ये संसदेतल्या चर्चेत लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्यासाठी ‘लोकपाल’ हा शब्द घडवला. पुढचे लोकपाल विधेयकाचे राजकारण सर्वांच्या परिचयाचे आहे, ते इथे नको.

विद्यापीठांत हे पद १९६० च्या दशकात आले. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९६७ मध्ये. विद्यार्थी आंदोलनांचा तो काळ होता. तिकडे या पदाने एक वेगळे वळण घेतले. तिकडचा ओम्बुड्समन बहुधा निकाल देत नाही. विद्यार्थी किंवा प्राध्यापक त्याच्या खोलीत येऊन मन मोकळे करतो, बोललेले बाहेर जात नाही, आणि तो दोन्ही बाजूंशी बोलून गाठ सोडवायचा प्रयत्न करतो. संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक यांच्यात बिनसले तर कुणीही अपराधी न ठरता मार्गदर्शक बदलून मिळावा, अशा कामांसाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे.

आता आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाकडे येऊ. बडोदा कॉलेज १८८१ चे, पण ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. परीक्षेबाबत तक्रार असेल तर अर्ज मुंबईला जाई. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. त्याच्या काही महिने आधीच, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला होता. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द काढून ‘सर्व माणसे’ करून घेणाऱ्या हंसाबेन याच. त्या जाहीरनाम्याचे आठवे कलम सांगते की मूलभूत हक्क डावलला गेला तर परिणामकारक दाद मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आणि १९१७ मध्ये बडोद्याचे दिवाण होते मनुभाई मेहता, हंसाबेनचे वडील. वडिलांच्या कारकिर्दीत एक अर्ज फिरत राहिला आणि मुलीने दाद मिळण्याला हक्क म्हणणाऱ्या जाहीरनाम्याच्या घडणीत भाग घेतला. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो, बडोद्यात तो क्वचितच सांगितला जातो.

विद्यापीठात पुढची कित्येक वर्षे तक्रारीची वाट ठरलेली होती: विभागप्रमुख, डीन, मग फतेगंजचे हेड ऑफिस. तिथे अडले तर यू.जी.एस.ला गाठायचे, म्हणजे विद्यार्थी संघाच्या निवडून आलेल्या सरचिटणीसाला, नाहीतर सिनेट या विद्यापीठाच्या कारभारी सभेतल्या ओळखीच्या सदस्याला. वाट चालायची, पण ओळख असणाऱ्याची. दांडिया बाजारातल्या ज्या घरात तीन पिढ्या विद्यापीठात शिकल्या, तिथे कुणाला भेटायचे हे ठाऊक असे. छोटा उदेपूरहून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलीला ते कोण सांगणार?

मे २००७ मध्ये या व्यवस्थेची कसोटी लागली. ललित कला शाखेत वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर बाहेरच्या लोकांनी आक्षेप घेतला, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि प्रभारी डीन निलंबित झाले. देशभर मोर्चे निघाले, लेख लिहिले गेले. त्या चित्रांबद्दल कुणाचे काहीही मत असो, परीक्षेचे काम आणि त्याचा निकाल हा विद्यापीठाच्या आतला प्रश्न होता. तो शांतपणे ऐकून कारणांसह निर्णय देईल अशी, प्रशासनाबाहेरची आणि तरी विद्यापीठाची, एकही खुर्ची त्या दिवशी नव्हती. त्या विद्यार्थ्याचा निकाल अडकल्याची तक्रार पुढे कित्येक वर्षे बातम्यांत येत राहिली.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तक्रार निवारणाचे पहिले विनियम २०१२ चे. नंतर २०१९ मध्ये नवे आले आणि आज लागू आहेत ते ११ एप्रिल २०२३ चे. यातली मुख्य गोष्ट मुदत आहे. विद्यार्थी ऑनलाइन तक्रार करतो, ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ अध्यापक, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. समितीत किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करायचे आणि लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढायचा प्रयत्न करायचा.

लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, दहा वर्षे प्राध्यापकी केलेले निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. मुदत तीन वर्षे किंवा वयाच्या सत्तरीपर्यंत. नेमणुकीच्या आधीच्या वर्षभरात आणि पदावर असताना त्यांचा त्या विद्यापीठाशी हितसंबंध नसावा, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भेदभावाच्या तक्रारीत लोकपाल मदतीला न्यायमित्र, म्हणजे सुनावणीत साहाय्य करणारा जाणकार, घेऊ शकतात. १९१७ ची आठवण असलेल्या शहराने ही तरतूद विसरू नये.

विनियमांतली तक्रारींची यादी वाचताना मात्र मन खट्टू होते, कारण तिच्यातले प्रत्येक कलम कुणाच्या ना कुणाच्या अनुभवातून आलेले आहे: फीसाठी मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे, शिष्यवृत्ती रखडवणे, निकालाला उशीर, प्रवेश रद्द केल्यावर पैसे परत न देणे. एका संस्थेने माझ्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ जोडले होते. ते काढून घ्यायला मी दोन वर्षे खेटे घातले. तेव्हा अशी मुदत असती तर, असे आजही वाटते.

मर्यादा आहेतच. पुनर्मूल्यांकन किंवा फेरमोजणीची मागणी लोकपाल ऐकत नाहीत, जोवर निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवला जात नाही. रॅगिंग आणि लैंगिक छळ यांच्या यंत्रणा वेगळ्या. प्राध्यापक आणि कर्मचारी या विनियमांत येत नाहीत. खोटी तक्रार केली तर तक्रारदारावर कारवाईची शिफारस होऊ शकते, आणि एवढ्या एका वाक्यानेच कितीतरी मुले मागे फिरत असतील. आपला लोकपाल अपील ऐकणारा आहे. बोलून गाठ सोडवणारा नाही. ती जागा अजून रिकामी आहे आणि ती भरायला हवी असे माझे ठाम मत आहे.

शिवाय नेमणुका. जून २०२४ मध्ये आयोगाने लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली. त्यातली १०८ सरकारी होती. दरम्यान गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०२३ ने सयाजीराव विद्यापीठासह राज्यातली अकरा विद्यापीठे एका कायद्याखाली आणली आणि सिनेट-सिंडिकेटची जुनी रचना संपवली. ज्या सिनेट सदस्याला गाठून काम होई, तो आता नाही. त्यामुळे बडोद्यात लोकपालाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

आणखी एक तरतूद फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. सुनावणीला विद्यार्थ्याने एकट्यानेच उभे राहायचे असे नाही. त्याला आपला प्रतिनिधी पाठवता येतो. ज्या मुलीला हेड ऑफिसच्या पायऱ्या चढायचीच भीती वाटते, तिच्या वतीने तिची आई बोलू शकते, मामा बोलू शकतो, वरच्या वर्गातली मैत्रीणही बोलू शकते.