मिंत्रा: मगवरच्या फोटोपासून कपड्यांच्या दुकानापर्यंत

मिंत्रा हे ऑनलाइन दुकान सुरू झालं तेव्हा तिथे कपड्यांची खरेदी होत नव्हती. मुकेश बन्सल, आशुतोष लवानिया आणि विनीत सक्सेना यांनी २००७ मध्ये बंगळुरूत काढलेली ही कंपनी मग, माउसपॅड, टी-शर्ट यांवर गिऱ्हाइकाला हवा तो फोटो किंवा मजकूर छापून द्यायची. भेट म्हणून छान, पण प्रत्येक ऑर्डर वेगळी आणि वाढायला वाव बेताचाच. २०११ च्या सुमारास छपाई मागे पडली आणि नामांकित ब्रँडचे कपडे-बूट आले.

कापड बोटांनी चाचपल्याशिवाय आणि अंगाला लावून पाहिल्याशिवाय न घेणारं आपलं गिऱ्हाईक. पुस्तक कुठूनही मागवलं तरी तेच येतं; शर्टाचं तसं नाही, एका ब्रँडचा ‘एम’ दुसऱ्याचा ‘एल’ निघतो. त्यामुळे माल हातात पडल्यावर पैसे द्यायचे आणि बसला नाही तर परत करायचा, ही सोय इथे कळीची ठरली. परतीचा भुर्दंड कंपनीच्या माथी येतो, पण माझ्या मते मोठमोठ्या सवलतींपेक्षा हा व्यवसाय रुजवण्यात या सोयीचाच वाटा जास्त.

दुसऱ्यांचे ब्रँड विकण्यात नफा तुटपुंजा, कारण तोच माल चार ठिकाणी मिळतो. म्हणून रोडस्टरसारखे स्वतःचे ब्रँड आले. हृतिक रोशनच्या एचआरएक्स या ब्रँडशी भागीदारी झाली.

मे २०१४ मध्ये फ्लिपकार्टने मिंत्रा विकत घेतली. किंमत तेव्हा सुमारे २,००० कोटी रुपये सांगितली गेली. नाव आणि कारभार मात्र वेगळाच राहिला. पुढच्याच वर्षी मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅपवर विक्री ठेवली. बहुतेक ऑर्डरी मोबाइलवरून येतात, हे कारण खरं होतं. पण ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर निवांत कपडे बघणाऱ्यांना त्यात कुणी विचारलं नव्हतं. २०१६ मध्ये वेबसाइट परत आणावी लागली.

त्याच वर्षी जुलैमध्ये प्रतिस्पर्धी जबाँग ७ कोटी डॉलरना मिंत्राकडे आली. २०२० मध्ये जबाँग बंदच करण्यात आली. दरम्यान २०१८ मध्ये अमेरिकी कंपनी वॉलमार्टने फ्लिपकार्टचा बहुतांश हिस्सा घेतला आणि मिंत्राही त्या छत्राखाली गेली. २०२१ च्या सुरुवातीला, बोधचिन्हाविरुद्ध मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे आलेल्या तक्रारीनंतर, मिंत्राने तेही बदललं.