स्थिरीकृत उच्चशक्ती लेसर

तीव्रता, वारंवारता, दिशा आणि झोताचा आकार यांवर सतत लगाम ठेवलेला, दहा ते काहीशे वॅटचा अखंड लेसर. पत्रा कापणारे लेसर याहून कितीतरी दांडगे असतात. इथे मोल आहे ते न ढळण्याला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, आरशांमधल्या अंतरातल्या सूक्ष्म बदलावरून टिपणाऱ्या लायगोसारख्या यंत्रांचा तो प्राण आहे.

शक्ती लागते ती फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, अनियमित येण्यामुळे. मुंबईत पत्र्यावर पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा त्यांचा ताल विस्कळीत असतो. सर कोसळू लागली की एकसलग घोष होतो. शक्ती चौपट केली तर या अनियमिततेने मोजमापात येणारी त्रुटी निम्मी होते. पण आरसे तापून त्यांचा आकार बिघडतो, शिवाय प्रकाशाचा दाब त्यांना ढकलतो. त्यामुळे शक्ती वाटेल तेवढी वाढवता येत नाही.

लायगोत सुरुवात होते सुमारे २ वॅटच्या बीज-लेसरने. निओडिमियम धातू मिसळलेल्या, काही मिलिमीटरच्या याग (यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकात प्रकाश आतल्या आत फिरतो आणि १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत बाहेर पडतो. हा झोत डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायला खास कार्ड धरावे लागते, आणि बोटातली अंगठी आधी काढून ठेवावी लागते, कारण तिच्यावरून परतलेली तिरीपही डोळा जाळू शकते. पुढे प्रवर्धक शक्ती वाढवतात.

वारंवारता बांधली जाते ती पाउंड, ड्रेव्हर आणि हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने (१९८३). झोत दोन आरशांमधल्या पोकळीवर सोडतात. परतलेल्या प्रकाशावरून वारंवारता कोणत्या बाजूला सरकली ते कळते. मग स्फटिकाचे तापमान सावकाश, तर त्याला चिकटवलेला पीझो, म्हणजे विद्युतदाबाने आकार बदलणारा तुकडा, झटपट दुरुस्ती करतो. तीव्रतेसाठी झोताचा लहानसा अंश फोटोडायोड या प्रकाशमापकावर पाडून चढउतार मोजतात आणि लगेच उलटा इशारा देतात. जुन्या फ्रिजशेजारचा स्टॅबिलायझर ढोबळपणे हेच करत असे.

भारतात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या यंत्राची सूत्रे मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा विभागाकडे आहेत. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्र मात्र हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. लोकल, मेट्रोची खोदकामे आणि दारात समुद्र असलेल्या शहरात असले काम चालायचे नाही. अर्थात लाटांमुळे जमिनीत उठणारा संथ कंप शेकडो किलोमीटर आत पोहोचतोच. जमिनीच्या कंपांपासून बचावासाठी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांत ४० किलोचे आरसे चौपदरी लंबकांना टांगलेले आहेत.