अडीचशे ते पंधराशे : लहान मालवाहू विमान कंपन्यांत तास जमवण्यामागचा इतिहास

अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना साधारणपणे २५० तासांच्या उड्डाणावर मिळतो, पण तेवढ्या शिदोरीवर वेळापत्रकाने चालणाऱ्या प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक म्हणूनही बसता येत नाही; त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. मधले साडेबाराशे तास आणायचे कोठून, हा तिथल्या प्रत्येक नव्या वैमानिकापुढचा पहिला प्रश्न असतो. बहुतेक जण प्रशिक्षक होतात, काही जण जाहिरातीचे फलक ओढणारी किंवा स्कायडायव्हरना वर नेणारी विमाने चालवतात. उरलेली वाट लहान मालवाहू कंपन्यांकडे जाते. जुनी विमाने, रात्रीची वेळ, वाईट हवा आणि कॉकपिटमध्ये एकटाच माणूस, अशी या वाटेची ख्याती आहे. तिच्यावरून गेलेले वैमानिक स्वतःला ‘फ्रेट डॉग’ म्हणवतात आणि ते नाव शिवीपेक्षा बिरुदासारखेच मिरवतात.

ही वाट नव्या वैमानिकांना घडवण्यासाठी कोणी आखलेली नव्हती. विमानाच्या वजनाची एक सरकारी मर्यादा, बँकांच्या व्याजाचा हिशेब आणि पार्सल रातोरात पोहोचवण्याचा धंदा, या तीन अगदी वेगळ्या गोष्टींतून ती तयार झाली. वैमानिकांचे शिक्षण हा तिचा आनुषंगिक परिणाम होता.

माणसांच्या आधी मालाने उडावे, ही प्रथा मात्र विमानाइतकीच जुनी आहे. ७ नोव्हेंबर १९१० रोजी फिलिप पार्मली याने ओहायो राज्यातील डेटनहून कोलंबसला रेशमी कापडाचे गठ्ठे विमानाने नेले. त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला टपाल पोहोचवले आणि ते जगातले पहिले अधिकृत विमानटपाल ठरले. अमेरिकेची नियमित टपालसेवा १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान सुरू झाली. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट हा टपाल वैमानिक रात्री नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला पोहोचला, तेव्हा पुढचा टप्पा नेणारा वैमानिक तिथे आलेलाच नव्हता. म्हणून पूर्वी कधीही न उडालेल्या मार्गाने, खाली पेटवलेल्या शेकोट्यांच्या आधाराने, तो तसाच शिकागोपर्यंत गेला. चार्ल्स लिंडबर्ग यानेही १९२६ मध्ये सेंट लुईस ते शिकागो मार्गावर टपाल वाहिले आणि त्याच वर्षी धुके व अंधार यांमुळे दोनदा विमान सोडून पॅराशूटने उडी मारली. टपालाची पिशवी हरवली तर नुकसान होते, पण प्रवासी हरवला तर चौकशी होते, हा हिशेब तेव्हा कोणी उघड बोलून दाखवत नसे, तरी धंदा त्यावरच चालत होता. आजच्या नियमांतही त्याची छाया दिसते. उपकरणांच्या आधारे, म्हणजे ढगांत किंवा बाहेरचे दिसत नसताना, उडताना प्रवासी असतील, तर छोट्या भाड्याच्या विमानातही दुसरा वैमानिक किंवा त्याच्या बदली मान्यता असलेला ऑटोपायलट लागतो. पाठीमागे नुसती खोकी असतील, तर एक माणूस पुरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक विमाने स्वस्तात मिळू लागली आणि घरी परतलेल्या वैमानिकांनी मालवाहतुकीचे धंदे काढले. त्यातले थोडे टिकले. कोणी कोणत्या मार्गावर उडायचे आणि काय दर लावायचे, हे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवत असे, त्यामुळे नव्या कंपनीला शिरकाव मिळणे कठीण होते. या भिंतीतली फट १९५२ मध्ये पक्की झाली. ज्या विमानांचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १२,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५,६७० किलोंपेक्षा, जास्त नाही, त्यांना ‘एअर टॅक्सी’ या वर्गात धरून बोर्डाने आर्थिक नियंत्रणातून सूट दिली. दोन पिस्टन इंजिनांचे छोटे विमान, एक वैमानिक आणि ठरलेले गिऱ्हाईक एवढ्या भांडवलावर मग कंपनी उभी राहू लागली. माझ्या मते लहान मालवाहू कंपनीचा खरा जन्म या वजनमर्यादेत आहे, कारण तिच्यामुळेच अशा धंद्यात मोठे विमान, मोठा कर्मचारीवर्ग आणि अनुभवी, म्हणून महागडा, वैमानिक या तिन्ही गोष्टी बाहेर राहिल्या.

१९७२ मध्ये ही मर्यादा बदलून ३० आसने किंवा ७,५०० पौंड माल अशी झाली. फेडरल एक्स्प्रेसने १७ एप्रिल १९७३ रोजी मेम्फिसहून १४ फाल्कन जेट विमानांनिशी २५ शहरांची सेवा सुरू केली, ती याच बदलाच्या आधारे; पहिल्या रात्री १८६ पार्सले आली होती. १९७७ च्या कायद्याने मालवाहतूक जवळजवळ पूर्णपणे खुली झाली आणि पुढच्या वर्षी प्रवासी वाहतूकही. आर्थिक बंधने सुटत असताना सुरक्षेची बंधने मात्र आवळली गेली. छोट्या भाड्याच्या विमानांना लागू असलेला ‘पार्ट १३५’ हा नियमसंच १९७८ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि १ डिसेंबरपासून अमलात आला. या नियमसंचाप्रमाणे उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानाच्या कॅप्टनला एकूण १,२०० तास लागतात. त्यांत ५०० तास एका गावाहून दुसऱ्या गावी केलेल्या उड्डाणाचे, १०० रात्रीचे आणि ७५ उपकरणांवर अवलंबून केलेले असावे लागतात. केवळ दृष्टीच्या आधारे, मोकळ्या हवेत उडणाऱ्याला ५०० तास पुरतात. नोकरीच्या जाहिरातींत आजही दिसणारे पाचशे आणि बाराशे हे आकडे इथले आहेत.

या कंपन्यांचे सर्वात चमत्कारिक गिऱ्हाईक म्हणजे बँका. अमेरिकेत हजारो स्वतंत्र बँका होत्या आणि कायद्याप्रमाणे चेक वटवायचा तर तो कागद ज्या बँकेवर काढला असेल, तिच्यापुढे प्रत्यक्ष ठेवावा लागत असे. कागद वाटेत असेपर्यंत पैसा अडकलेला राही. एक कोटी डॉलरच्या चेकांचा गठ्ठा एक दिवस उशिरा पोहोचला आणि व्याजाचा दर वार्षिक दहा टक्के असला, तर त्या एका दिवसाचे व्याज सुमारे २,७४० डॉलर होते. एवढ्या रकमेसाठी छोटे विमान रात्री उडवणे सहज परवडत असे. १९८० च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला या अडकलेल्या रकमेची किंमत बँकांकडून वसूल करणे भाग पाडले, तेव्हा घाई आणखी वाढली. कोलंबस येथील एअरनेट ही कंपनी १९७४ पासून याच कामावर वाढली आणि तिच्याकडे पायपर व सेसना विमानांपासून लिअरजेटपर्यंतचा ताफा होता. वजन नगण्य, पण वेळ मिनिटांत मोजलेली, असा हा माल होता. बँकांच्या मुदती ठरलेल्या असल्यामुळे ‘हवा खराब आहे, उद्या जाऊ’ असे म्हणण्याची सोय जवळजवळ नसे. ऑस्ट्रेलियातही बँकांच्या कागदपत्रांची ने-आण करणाऱ्या अशाच फेऱ्या होत्या आणि तिथल्या नव्या वैमानिकांनीही त्यांवर तास जमवले.

नव्या वैमानिकाच्या दृष्टीने हे काम म्हणजे खाणच होती. एका रात्रीत चार-पाच विमानतळ, प्रत्येक ठिकाणी उपकरणांच्या आधारे उतरणे, ढगांतून आणि अंधारातून प्रवास, आणि ते सगळे कॅप्टन म्हणून. लॉगबुकात नुसता तास लिहिला जात नाही. तो रात्रीचा की दिवसाचा, एका इंजिनाचा की दोन इंजिनांचा, ढगांतला की उघड्या हवेतला, स्वतःच्या जबाबदारीवरचा की दुसऱ्याच्या, असे त्याचे रकाने असतात, आणि चेकच्या फेऱ्यांवर हे सगळे मोलाचे रकाने एकदम भरत. मोठ्या कंपन्या त्या काळात टर्बाइन इंजिनाच्या विमानावरचे कॅप्टन म्हणून केलेले १,००० तास मागत असत. त्यामुळे पिस्टन विमानावरून टर्बोप्रॉपवर, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या विमानावर, तिथून जेटवर, अशी चढण याच कंपन्यांत चढता येई. पार्ट १३५ खाली एका वर्षात १,४०० तासांपर्यंत उडण्याची मुभा होती, तर मोठ्या प्रवासी कंपन्यांतील वैमानिकाला १,००० तासांची मर्यादा होती. हा फरक वैमानिकाच्या सोयीसाठी नव्हता, हे वेगळे सांगायला नको, पण तास जमवणाऱ्याला तो फायद्याचा वाटे.

चेकचे हे युग एका राष्ट्रीय संकटाने संपवले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सगळी विमाने जमिनीवर आली, चेकचे गठ्ठे जागच्या जागी पडून राहिले आणि अडकलेली रक्कम अब्जावधी डॉलरांनी फुगली. कागदावर इतके अवलंबून राहणे धोक्याचे आहे, हे सरकारला पटायला एवढे पुरे होते. ‘चेक २१’ या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २००३ मध्ये मंजूर झाला आणि बरोबर एका वर्षाने लागू झाला. मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून छापलेला पर्यायी चेक त्याने ग्राह्य ठरवला, आणि मग प्रतिमा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून चेक वटवला जाऊ लागला. पुढच्या काही वर्षांत रात्रीची चेकविमाने जवळजवळ नाहीशी झाली.

राहिली पार्सले. मोठ्या शहरांतून मोठी विमाने आणि तिथून आडगावांकडे छोटी ‘फीडर’ विमाने, ही रचना तोवर पक्की झाली होती. सेसना कॅरव्हॅन या एका टर्बोप्रॉप इंजिनाच्या विमानाला १९८४ मध्ये मान्यता मिळाली आणि फेडएक्सने त्याची मालवाहू आवृत्ती पुढच्याच वर्षापासून मोठ्या संख्येने घेतली. विमान फेडएक्सचे, पण वैमानिक आणि परवाना माउंटन एअर कार्गो, एम्पायर, विगिन्स अशा छोट्या कंपन्यांचा, अशी ती व्यवस्था आहे. युपीएस या पार्सल कंपनीसाठी अमेरिफ्लाइट ही कंपनी बीच ९९ आणि मेट्रो यांसारखी विमाने चालवत आली. कॅरव्हॅन साधे आणि भक्कम असले तरी पंखांवर बर्फ धरण्याच्या बाबतीत त्याचा इतिहास चांगला नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने त्याबद्दल शिफारशी केल्या आणि पुढे मध्यम किंवा त्याहून तीव्र बर्फाच्या हवेत त्याच्या उड्डाणावर बंदी आली. तासांच्या हिशेबाने मात्र फीडरची नोकरी चेकच्या फेऱ्यांएवढी फलदायी नाही. सकाळी पाऊण तासाचे उड्डाण, दिवसभर आडगावी बसून राहणे आणि संध्याकाळी पाऊण तास परत, असा क्रम धरला तर महिन्याला वीस दिवसांत तीसच तास होतात.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोल्गन एअरचे प्रवासी विमान कोसळून त्यातील ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण मरण पावले. वेग घसरून विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, टोकाला आल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने उलट दांडी मागे ओढली, असे चौकशीत निष्पन्न झाले. मृतांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला, ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला आणि जुलै २०१३ च्या नियमाने प्रवासी कंपन्यांतील सहवैमानिकालाही १,५०० तासांचा परवाना बंधनकारक झाला. लष्करातून आलेल्यांना ७५०, विमानविद्येतील चार वर्षांची पदवी असलेल्यांना १,००० आणि दोन वर्षांची पदवी असलेल्यांना १,२५० तास पुरतील, अशी सवलत राहिली. त्या अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा पुष्कळ जास्त तास होते, ही गोष्ट वादात वारंवार निघते आणि ती खरी आहे. आकड्याने मोजायला सोपे असते म्हणून आकडा निवडला गेला, असे मला वाटते. तासांच्या रकान्यांमधला फरक त्यात हरवला.

मालवाहू कंपन्यांवर याचा परिणाम दुहेरी झाला. एका बाजूने तासांची गरज कायद्यानेच वाढवली, म्हणजे उमेदवार वाढायला हवे होते. दुसऱ्या बाजूने कॅप्टनच्या जागेसाठी या कंपन्यांना १,२०० तास असलेलाच माणूस लागतो, आणि प्रशिक्षक म्हणून महिन्याला साठ-सत्तर तास उडवणाऱ्याला बाराशेवरून पंधराशेपर्यंत जायला पाच महिने पुरतात. मग फीडर कंपनीत येऊन तीसच्या गतीने त्याने का उडावे? पूर्वी तीन-चार वर्षे टिकणारा वैमानिक काही महिन्यांत निघून जाऊ लागला आणि प्रादेशिक प्रवासी कंपन्यांनी पगार वाढवले तसा हा ओघ वाढला. २०२२ मध्ये एका प्रादेशिक कंपनीने स्वतःच्या प्रशिक्षणार्थींना ७५० तासच पुरावेत अशी सवलत मागितली, ती नियामकाने नाकारली. मे २०२४ च्या विमानवाहतूक कायद्यातही १,५०० चा आकडा तसाच राहिला.

मालवाहू कंपन्यांनी यावर उजव्या खुर्चीचा, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेचा, उपाय शोधला. त्या खुर्चीचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही, कारण काही ठिकाणी नव्या वैमानिकांकडूनच पैसे घेऊन तिथे बसवले जाई, आणि ज्या विमानाला दुसरा वैमानिक लागतच नाही त्यात बसून लिहिलेले तास ग्राह्य धरायचे की नाही, यावर कायम वाद असे. २०१८ मध्ये नियामकाने हा वाद मिटवला. कंपनीने सहवैमानिक विकासाचा मान्यताप्राप्त कार्यक्रम चालवला आणि विमान अनेक इंजिनांचे किंवा एका टर्बाइन इंजिनाचे असून दुसऱ्या जागी स्वतंत्र नियंत्रणे व उपकरणे असली, तर एका वैमानिकाने चालणाऱ्या विमानातही दुसऱ्याला सहवैमानिकाचे तास लिहिता येतात. त्याच वर्षी फेडएक्सने आपल्या फीडर कंपन्यांतील वैमानिकांना पुढे स्वतःकडे घेण्याची ‘पर्पल रनवे’ ही योजना जाहीर केली, म्हणजे घाईने निघून जाणाऱ्याला थांबण्याचे काही कारण मिळाले. आता तीनशे-चारशे तासांचा वैमानिकही कॅरव्हॅनच्या उजव्या खुर्चीत रात्रीच्या ढगांतून जाऊ शकतो. या तासांसाठी नियमाने एक अट घातली आहे: डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनने ते तास सहवैमानिकाच्या लॉगबुकात प्रमाणित केले पाहिजेत.