दख्खनचे दंगे (१८७५)

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी कुणब्यांनी मुख्यतः मे-जून १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध केलेला उठाव. ‘दंगे’ हे नाव सरकारी दप्तरातले. ते रूढ झाल्यामुळे येथे कायम ठेवले आहे. मात्र त्यावरून लूटमार हाच उठावाचा हेतू होता असा समज होतो, तो बरोबर नाही.

उठावाचा आरंभ सामान्यतः १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील (आता बारामती तालुका) सुपे या बाजाराच्या गावी झाला असे मानतात. तेथे गुजर सावकारांची घरे व दुकाने फोडून वह्या आणि कर्जरोखे जाळण्यात आले. असंतोष मात्र त्याआधीचा आहे. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला. त्यावरून गाव बिथरले आणि सावकारांवर बहिष्कार पडला. आरंभ सुप्याचा धरावा की कर्ड्याचा, हे बहिष्काराला उठावात मोजायचे की नाही यावर ठरते. तो मोजावा, हेच अधिक सयुक्तिक वाटते.

जमावाचा रोख कागदांवर होता. सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तर बहुतेक ठिकाणी पुढे काही घडत नसे. जीवितहानी फारशी झाली नाही. ९५१ जणांना अटक झाली. रोष प्रामुख्याने मारवाडी व गुजर सावकारांवर होता. त्याच गावातील ब्राह्मण सावकार अनेकदा वगळले गेले. रोखे काढून घेण्याचा हुकूम विलायतेहून आला आहे, अशी वदंताही पसरली होती.

कागदावरच एवढा राग का, हे मुदतीच्या कायद्यावरून कळते. १८५९ च्या या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोवर व्याज साचत जाऊ नये हा हेतू, पण घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून घाली. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले आणि काहीच फेडले नाही, तर तीन वर्षांनी १७२ रुपयांचा नवा रोखा होई, आणि सहा वर्षांनी आकडा २९५ च्या वर जाई. निरक्षर कुणबी न वाचता येणाऱ्या कागदावर निशाणी करी. पुढे दिवाणी न्यायालयात तोच कागद पुरावा ठरे.

कारणांविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी ओसरल्यावर सावकारांनी पत आखडली, हे जुने स्पष्टीकरण. त्याला मर्यादा आहे; उठावाचे तालुके मुख्यतः ज्वारी-बाजरीचे, त्यामुळे तेजी-मंदीची झळ तेथे बहुधा आडवाटेने पोहोचली. इतिहासकारांपैकी रविंदर कुमार ग्रामीण समाजातील सत्तेचा तोल सावकाराकडे झुकल्यावर भर देतात, तर नील चार्ल्सवर्थ यांच्या मते उठावाचे महत्त्व फुगवले गेले. तिसरे कारण शेतसाऱ्याचे. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून फेरआकारणी झाली आणि बऱ्याच गावांत सारा निम्म्याहून अधिक वाढला. पीक बुडाले तरी हप्ता रोखीने भरावा लागे, आणि रोकड होती सावकाराकडे. त्यामुळे सारा आणि सावकारी ही दोन कारणे वेगळी काढणे अवघड आहे.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र साऱ्याला दोष दिला नाही. सदस्य ऑक्लंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपणात मुंबई इलाख्याच्या सारापद्धतीवर टीका केली. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले पाहिजे तेवढे गेलेले नाही.

आयोगाच्या कामातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा जिल्ह्यांना लागू झाला. कर्जापायी होणारी कैद बंद झाली. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. सावकारांनी त्यातूनही वाट काढली: गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी राहिले.