ग्लुटेनविना सहलीचा डबा

सहलीला न्यायच्या खाण्याची यादी केली तर त्यातलं निम्मं खाणं गव्हाचं निघतं. सँडविच, रोल, केक, बिस्किटं, पास्त्याचं सॅलड. याला केवळ सवय कारणीभूत नाही. हातात धरून खाता यावं, पिशवीत हेलकावे खाऊन मोडू नये, आतलं सारण बाहेर येऊ नये आणि दुपारपर्यंत मऊही राहावं, एवढ्या अटी एकदम पुऱ्या करणारं पीठ गव्हाचंच. हे जमतं ते ग्लुटेनमुळे.

पीठ मळताना गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाणी पिऊन एकमेकांत गुंततात. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती पुन्हा आवळते. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलं तर पिठूळ स्टार्च वाहून जातो आणि बोटांत एक चिवट लगदा उरतो, तेच हे ग्लुटेन. इटलीत बोलोन्याला याकोपो बेक्कारी यांनी अठराव्या शतकात हेच केलं, आणि १७४५ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखात गव्हाच्या पिठाचे हे दोन भाग वेगवेगळे नोंदले गेले.

म्हणूनच ग्लुटेन टाळायचं असेल तर पावाची नक्कल करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्लुटेनविना केलेला पाव ताजा आणि गरम असताना बरा लागतो. सहलीत तो थंड असतो, काही तासांचा असतो आणि त्याचा भुगा होतो. ज्या पदार्थांना मुळात ग्लुटेनची गरजच नव्हती, ते डब्यात जास्त चांगले टिकतात आणि बहुतेक वेळा पोषणातही सरस असतात.

पण हा खटाटोप कुणी करायचा? सीलिॲक आजार असलेल्यांना तो करावाच लागतो. ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं भरपूर असतात आणि प्रोलिनने भरलेल्या साखळ्या आपल्या पाचकरसांना नीट तोडता येत नाहीत. त्यामुळे ग्लुटेनचे लांब तुकडे तसेच लहान आतड्यात पोचतात. ३३ अमिनो आम्लांचा असा एक चिवट तुकडा २००२ साली संशोधकांनी ओळखला. हे तुकडे सगळ्यांच्याच पोटात तयार होतात आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. मात्र एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकीय ठेवणीच्या काही लोकांत रोगप्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते. त्या लढाईत आतड्याच्या अस्तरावरचे, अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. जगभरात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या पुष्कळांना तो आहे हे माहीतही नसतं.

याचा दोष गव्हाकडे जातो हे कळायला विसावं शतक अर्धं सरलं. विलेम-कारेल डिके हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ. काही मुलांची तब्येत गहू बंद केला की सुधारते, हे त्यांच्या लक्षात आधीच आलं होतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची शंका आणखी पक्की झाली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गहू आणि राय या धान्यांवर बोट ठेवलं. राय आणि बार्ली म्हणजे जव, यांतही ग्लायडिनची भावंडं शोभावीत अशी प्रथिनं असतात. म्हणून तीनही धान्यं वर्ज्य. स्पेल्ट, खपली, रवा, बुलगूर, कूसकूस ही सगळी गव्हाचीच रूपं. त्यांच्या वेगळ्या नावांवर जाऊ नये.

गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट, तिथे जव आणि राय कधीकधी चालतात. आणि ज्यांना यातलं काहीच नाही त्यांनी ग्लुटेन सोडल्याने प्रकृती सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. पुढे ‘आरोग्यदायी’ म्हणताना मी ग्लुटेन नसण्यापलीकडचं म्हणते आहे: तंतू, लोह, प्रथिनं, आणि उन्हात न बिघडणं.

आता थोडं गणित, कारण सहलीतला खरा धोका त्यातूनच कळतो. पावाच्या ३० ग्रॅमच्या एका चकतीत सुमारे २ ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिॲक असलेल्या लोकांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. रोज १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही असं धरलं जातं. हे १० मिलिग्रॅम म्हणजे त्या चकतीचा दोनशेवा भाग, बोटाच्या टोकावर मावेल एवढा चुरा. वेष्टनावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ती गाठणारा पदार्थ अर्धा किलो खाल्ला तेव्हा कुठे १० मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणजे खऱ्या ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटापेक्षा, शेजारच्याने पावाला लावून पुन्हा लोण्यात बुडवलेली सुरी कितीतरी जास्त ग्लुटेन पोचवू शकते.

तेव्हा डब्यात काय भरावं? धान्यांत पर्याय भरपूर आहेत. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, क्विनोआ, बकव्हीट. यांत ग्लुटेन नाही. पहिला विचार तांदळाचा येतो, आणि तिथेच थोडं सांभाळावं लागतं.

भात थंड झाला की कडक होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंडाव्यात पुन्हा एकमेकांना चिकटून शिस्तीत बसतात आणि पाणी बाहेर टाकतात. अमायलोज नावाचा सरळ साखळीचा स्टार्च ज्या तांदळात जास्त, तो जास्त कडक होतो. लांब दाण्याचे मोकळे तांदूळ बहुधा या गटात मोडतात. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते. मग भात बाहेरच ठेवावा, असा सोपा उपाय सुचतो. तो घातक आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळत्या पाण्यातूनही तगून राहतात. कोमट भात तासन्‌तास पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून शिजलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि थंडच न्यायचा. कडकपणाचा प्रश्न तांदूळ निवडून सोडवावा: आखूड दाण्याचा, चिकट भात थंडीतही मऊ राहतो. क्विनोआही थंड खायला चांगला लागतो. त्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडवट थर असतो, तेवढा चोळून धुवावा.

बटाट्याच्या सॅलडची गोष्ट उलटी. तिथे स्टार्चचं हे ‘शिस्तीत बसणं’ आपल्या फायद्याचं ठरतं. थंड बटाट्यातला काही स्टार्च पाचकरसांना दाद देत नाही, तो मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो. सालासकट उकडलेले बटाटे, ऑलिव्ह तेल, लिंबू, ताजी कोथिंबीर किंवा पार्स्ली एवढ्यावर ते छान लागतं.

ओट्सबद्दल लोक गोंधळतात, आणि तो गोंधळ रास्त आहे. ओट्समध्ये गव्हातलं ग्लुटेन नसतं. पण शेत, गाड्या, गिरणी सगळीकडे ते गव्हाजवांबरोबर फिरतात, त्यामुळे साधे ओट्स भरवशाचे नाहीत. वेगळे वाढवून तपासलेले ‘ग्लुटेन-फ्री’ ओट्स बहुतेकांना चालतात, मोजक्यांना त्यातल्या ॲव्हेनिन या प्रथिनाचाही त्रास होतो. पहिल्यांदा ते खाऊन पाहायचे असतील तर सहलीचा दिवस त्यासाठी निवडू नये.

माझ्या मते या डब्याचा खरा राजा म्हणजे कडधान्यं. शिजवलेल्या १०० ग्रॅम छोल्यांत साधारण ९ ग्रॅम प्रथिनं आणि ७ ते ८ ग्रॅम तंतू असतात, शिवाय फोलेट आणि लोह. ग्लुटेन सोडलेल्या आहारात नेमक्या याच गोष्टी कमी पडतात. याला कारण आहे. अनेक देशांत गव्हाच्या पिठात लोह आणि फोलिक आम्ल मुद्दाम मिसळतात. तांदळाच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चपासून केलेल्या पर्यायी पिठांत ते बहुधा नसतं. त्यातून सीलिॲक आजारात लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जास्त दुखावतो, आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. कित्येकांचं निदान पोटदुखीमुळे नव्हे, तर हटून बसलेल्या रक्तक्षयामुळे होतं. छोले, राजमा किंवा मसूर यांच्या सॅलडमध्ये टोमॅटो, ढोबळी मिरची घालून वर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, त्यातली टॅनिनं लोहाला अडकवून ठेवतात. मसूर भिजवण्यापूर्वी ताटात पसरून निवडावा, कारण त्यात गव्हाजवाचे दाणे सापडतात. छोल्यांचं तीळ घालून वाटण केलं की गाजर, काकडी, सेलरी बुडवून खायला होतं आणि पावाची आठवणही येत नाही.

काहीतरी गुंडाळून हातात धरायचंच असेल तर लेट्यूसची मोठी पानं, पातळ आम्लेट किंवा तांदळाचे पारदर्शक कागद वापरता येतात. उकडलेलं अंडं उत्तम, एकात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पण उकडल्यावर कवचावरचा रक्षक थर उरत नाही, म्हणून तेही थंडच ठेवायचं. दाणे, बदाम, अक्रोड यांची काळजी नाही; त्यांत जिवाणूंना वाढायला पुरेसं मोकळं पाणीच नसतं. फक्त मसाला लावलेल्या, कुरकुरीत आवरणाच्या पाकिटांत पीठ असू शकतं, तिथे साधे भाजलेले दाणे बरे.

फळं अख्खी न्यावीत. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी यांच्या आंबटपणामुळे जिवाणू दबून राहतात. कलिंगड आणि खरबूज मात्र गोड असले तरी फारसे आंबट नसतात, आणि कापल्यावर त्यांच्या फोडी जिवाणूंना चांगल्याच मानवतात. कापलेलं कलिंगड बर्फाच्या जवळ ठेवावं, किंवा सुरी घेऊन जाऊन तिथेच कापावं. सुरी अर्थात स्वतःची.

तयार सॉसकडे नीट पाहावं लागतं. सोया सॉस बहुतेक वेळा गहू घालून आंबवलेला असतो. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले जव, त्यामुळे माल्टचं व्हिनेगर, माल्टची पेयं आणि माल्टची चव दिलेले मक्याचे पोहेही बाद. सॉसेज, सुपाची पावडर, चिप्सवरचा मसाला यांत पीठ भरीला घातलेलं असू शकतं. दुसरीकडे, ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं आणि केक सुरक्षित असले म्हणून हलके होत नाहीत. ग्लुटेनचं जाळं नसल्याने पोत आणण्यासाठी त्यांत स्टार्च, साखर आणि चरबी वाढवलेली असते. चिकटपणासाठी झँथन गम किंवा इसबगोल घालतात. त्यातल्या त्यात इसबगोल असलेलं पाकीट घ्यावं, निदान तंतू तरी मिळतात.

५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जिवाणू वेगाने वाढतात, अनुकूल परिस्थितीत काहींची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते. म्हणून नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बर्फ इथे विलक्षण कामाचा आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री गोठवून पेटीत सर्वांत वर ठेवाव्यात, कारण थंड हवा खाली उतरते. दुपारी त्याच बाटल्या प्यायला होतात.

आणि वाढताना ग्लुटेन टाळणाऱ्याचं पान आधी वाढावं, बाकीच्यांचे हात पावाला लागण्यापूर्वी. त्याचा डबा वेगळ्या पिशवीत, त्यात स्वतःचा चमचा. निखाऱ्यावर भाजायचं असेल तर जाळीवर फॉइल अंथरून त्यावर. जंतुनाशक जेल इथे निरुपयोगी आहे. ग्लुटेन हा जिवाणू नव्हे, त्याला मारता येत नाही, पाण्याने आणि साबणाने धुऊनच काढावं लागतं. लहान मुलांच्या खेळायच्या रंगीत मऊ पिठातही अनेकदा गहू असतो आणि ते बोटांवाटे तोंडात जातं.

दिवसभर पाव न खाल्ल्याने पोट हलकं वाटलं म्हणून कुणी दुसऱ्या दिवसापासून गहू सोडायचं ठरवलं, तर त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन सीलिॲक आजार ओळखणारी, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लुटेन बंद केलं की ही प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात आणि आजार असूनही तपासणीत काही दिसत नाही. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो, आणि तोवर ज्याचा त्रास वाढलेला असतो त्याला ते नकोसं होतं.